तीन हजार चौऱ्याहत्तर

राउटरच्या पोटाखालचा कागद मी भिंगातून वाचला,
मिलेंकाने टाइप केला:
एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक.
असेच आकडे मी एकतीस वर्षं वायरलेसवर वाचले,
सावकाश, अंक न् अंक सुटा,
सामुद्रधुनीत चूक झाली
तर खडक पुन्हा विचारत नाही.

पासवर्ड कुणी बदललाच नव्हता.
आठ वर्षं घराची किल्ली
कारखान्यातून आली तशी कुलपालाच लटकत होती.

"पोर्ट उघडायचंय, ताता."
मी हसलो. पुंता अरेनासमध्ये
जहाजांच्या वाटाड्याला सांगतेयस?

हसली नाही. खेळ म्हणतो, नॅट कडक.
आतून बाहेर हाक जाते,
बाहेरचा कुणी आपणहून आत येत नाही.
आणि दान्को तिकडे अंतोफागास्तात,
तांब्याच्या खाणीची वसाहत, खोलीत पाच पोरं,
त्यांचंही राउटर असंच.
दोन्ही दारं बंद, तर खोली एक होत नाही.
"एकाने उघडं ठेवलं तरी पुरतं, ताता. नियमच आहे."

मी किटली उगाच दुसऱ्या शेगडीवर ठेवली.
दान्कोने समुद्राची परीक्षा दिली नाही,
त्या दिवशी धक्क्यावर मी एक वाक्य बोललो.
दोन वर्षं झाली.
तेव्हापासून माझी विचारपूस
मिलेंकाच्या हाताने जाते, तिच्याच हाताने येते.

आधी तिच्या यंत्राला कायमचा पत्ता द्यायचा,
नाहीतर वीज गेली की ते भलत्याच धक्क्याला लागतं
आणि माल उतरतो टीव्हीच्या दारात.
हे मात्र मला एका फटक्यात कळलं.
यादीत सगळे होते: टीव्ही, तिचं यंत्र, माझा फोन,
आणि खाली, राखाडी अक्षरांत,
दान्को-लॅपटॉप, ऑफलाइन.
"जुनं पुसून टाकू?"
राहू दे म्हटलं. भाडं थोडंच मागतंय.

पोर्ट: तीन हजार चौऱ्याहत्तर.
प्रकार: यूडीपी.
म्हणजे काय गं?
म्हणजे पोचपावती न मागता पाठवत राहायचं,
एखादं वाटेत पडलं तर पडलं,
थांबायचं नाही, पुढचं पाठवायचं.

असं पत्र मला एकही लिहिता आलं नाही.

वायफायवर तिचा विश्वास नाही, माझाही नाही.
वीस मीटर वायर मी स्वतः ओढली,
जिन्यावरून, मोरीच्या चौकटीला खिळे ठोकत,
कोपऱ्यावर खलाशाची गाठ मारून.
ती म्हणाली, वायरला गाठ मारत नाहीत.
सोडली. पुन्हा मारली, सैल.

सेव्ह. रीस्टार्ट.
नारिंगी दिवा बराच वेळ नारिंगीच.
मग हिरवा.
पिंग एकसष्ट मिलिसेकंद,
माझी पापणी याहून सावकाश लवते.

"आलास?" "आलो."
मग गोळ्या, शिव्या, धावणं, कुणाच्या तरी छपरावरून उडी.
मी कप विसळत होतो, पाणी बारीक सोडून.
मध्येच त्याचा आवाज:
"हे मागे काय घोंघावतंय?"
"वारा."
"किती?"
मिलेंकाने माझ्याकडे पाहिलं.
"बेचाळीस नॉट," मी म्हणालो,
तिला, की माईकला, कोण जाणे.

पलीकडे काहीच नाही.
दिवे पाहिले मी. सगळे हिरवे.

"नैर्ऋत्येचा?"
"नैर्ऋत्येचाच."
"मग ती माडीवरची फळी आपटत असणार.
अजून बांधली नाहीस ना, ताता?"

नव्हती बांधली.
तेवढ्यात कुणीतरी त्याला मागून गाठलं,
तो ओरडला, मिलेंका ओरडली,
माझी पाळी गेली.
ड्रॉवरमध्ये सुतळी शोधत राहिलो मी,
सापडली ती वायरच, उरलेली,
दीड मीटर.